सहाबारी : जुनी रीत आणि नवी कळ

संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शेतीचे अर्थकारण हे आपल्या वसंत व्याख्यानमालेचे नेहमीचे विषय. त्यांत पिस्तुलाने कोठून डोके काढले, असे काहींच्या मनात येईल. परंतु सुरगाण्याच्या माणसाला बंदूक ही वस्तू अगदीच परकी नाही. नागली, वरई आणि भाताच्या पिकाला रानडुकराचा उपद्रव जेथे आहे, तेथे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक पुष्कळांनी पाहिलेली असते. आजच्या विषयाचे बीज आम्हांला अशाच एका बंदुकीत सापडले.

एका पाड्यावर आम्ही पाहुणे म्हणून गेलो असता कुडाच्या भिंतीला टांगलेली बंदूक पाहिली. तिचा घोडा पुरता खाली नव्हता. घोडा आणि खालची खुंटी यांच्यामध्ये जुन्या लुगड्याची चौपदरी चिंधी दाबून ठेवली होती. घरधनी म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, ही चिंधी कशाला?” तो म्हणाला, “घोडा नागव्यानं टेकवू नये, आमच्या बापानं सांगितलंय.” बंदूक रिकामी होती, टोपी बसवलेली नव्हती, तरीही चिंधी होतीच.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडाकडून ठासतात. मागल्या अंगाला एक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची लहानशी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेटतो, ठिणगी खुंटीतून आत जाते आणि बार होतो. आता हा घोडा टोपीवर नुसता टेकलेला असेल आणि बंदूक दगडावर पडली, किंवा घोड्याला मागून ठोसा बसला, तर चापाला बोट न लावताही बार होऊ शकतो. म्हाताऱ्याच्या बापाने हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. कोठेतरी घडलेले पाहिले किंवा ऐकले असेल.

हाच प्रश्न, म्हणजे वापर नसताना घोडा कोठे टेकवावा हा प्रश्न, सहाबारीच्या जाणकारांत गेली पन्नासांहून अधिक वर्षे वादाचा होऊन बसला आहे, आणि .२२ च्या लहान सहाबारीच्या बाबतीत तर तो अद्याप मिटलेला नाही. त्या वादाची दोन्ही अंगे, आणि वाटेत भेटणारे तिसरेही, आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण सरसकट कोणत्याही लहान बंदुकीला पिस्तूल म्हणतो, कोणी रिव्हॉल्वर म्हणतो. वस्तुत: रिव्हॉल्वर म्हणजे जिच्यात काडतुसांचे चक्र फिरते ती. चक्राला बहुधा सहा घरे असतात, म्हणून सहाबारी. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर जे शस्त्र चालवले ते मात्र रिव्हॉल्वर नव्हते. ते ब्राउनिंग पिस्तूल होते. लंडनहून चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून जी वीस पिस्तुले आणली, त्यांपैकीच ते एक. त्यात चक्र नाही. काडतुसे मुठीतल्या डबीत एकावर एक बसतात आणि बाराच्या धक्क्यानेच पुढचे काडतूस वर चढते. म्हणजे या जिल्ह्यातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगी सुद्धा शस्त्र त्या काळच्या मानाने अगदी नवे होते.

आता काडतुसाकडे वळू. एन. सी. सी.मध्ये गेलेल्या आपल्या मुलामुलींनी पॉइंट टू-टूची रायफल झाडलेली असते. तिचे काडतूस आठवा : पितळेचे, करंगळीच्या पेरापेक्षा बारीक, बुडाला एक पसरट कड. या कडेच्या आतच पेटता मसाला भरलेला असतो. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी असते. याला ती नाही, याची सारी कडच टोपी आहे. म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. आपण किनारीचे काडतूस म्हणू. कड चेपली गेली पाहिजे म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पातळ म्हणून जोर बेताचा. आणि एकदा कड चेपली की ते पुन्हा भरता येत नाही. पण करायला सोपे आणि स्वस्त. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नाही तर एखादे काडतूस फुसके निघते. शिकाऊ असताना आमचेही एक निघाले. उस्तादाने थांबायला लावले, मग ते काढून किंचित फिरवून पुन्हा बसवले, आणि कडेच्या दुसऱ्या जागी ठोका बसताच ते उडाले.

या काडतुसाची आणि सहाबारीची सोयरीक १८५७ साली जमली. आपल्याकडे चरबीच्या काडतुसांवरून रान पेटले होते त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी किनारीच्या .२२ काडतुसाचे पहिले रिव्हॉल्वर विकायला काढले. त्याला सात घरे होती. चक्राला आरपार भोक पाडून मागून काडतूस घालण्याची युक्ती रोलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाची. तिचे १८५५ चे पेटंट त्यांनी वापरायला घेतले, आणि दर नगामागे पाव डॉलर व्हाइटला मिळू लागला. करारात मात्र मेख होती : पेटंट मोडणाऱ्यांवर दावे लावण्याचा खर्च व्हाइटने करायचा. पाव-पाव डॉलर जमवलेली मिळकत बव्हंशी वकिलांच्या घरी गेली. १८६९ साली मुदत संपली. व्हाइटने ती वाढवून मागितली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरला. त्याच १८६९ साली इकडे पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला, हा निव्वळ योगायोग.

जुन्या घडणीचा आदर्श म्हणजे १८७३ ची कोल्ट. बोलपटांतल्या गुराख्यांच्या कमरेला लटकते ती. घोडा हाताने मागे ओढला की चार वेळा खटका वाजतो. दुसऱ्या खटक्यावर घोडा अर्धा थांबवून, बाजूचे झाकण उघडून, चक्र एकेक घर फिरवत काडतुसे भरायची. पहिला खटका सुरक्षिततेचा म्हणून होता, पण तो दात नाजूक; जोराचा धक्का बसला तर तुटू शकतो. म्हणून जाणत्यांनी रीत पाडली : घरे सहा, काडतुसे पाचच. रिकामे घर घोड्याखाली. मग पडो की आपटो, खाली काडतूसच नाही.

आमच्या पाड्यावरच्या चिंधीचे हे दुसरे रूप.

१९५३ साली अमेरिकेतील रूगर यांच्या कंपनीने .२२ किनारीच्या काडतुसाची ‘सिंगल-सिक्स’ काढली. घडण जवळजवळ जुन्या कोल्टचीच, खटके तेच, आणि अर्थातच पाच भरण्याची रीतही तीच. स्वस्त काडतूस आणि मजबूत बांधणी यांमुळे ती फार खपली. शेतकऱ्याच्या गाडीत, मासेमाराच्या पिशवीत, हौशी माणसाच्या टेबलाच्या खणात जाऊन बसली. आणि येथेच घोटाळा झाला. जुन्या रीतीत वाढलेला माणूस पाच भरत असे. खणातून काढून घेणारा त्याचा पुतण्या सहा घरे पाहून सहा भरत असे. शस्त्र हातोहात गेले, रीत मागे राहिली. अपघात झाले, दावे झाले. त्याच कंपनीच्या जुन्या घडणीच्या एका मोठ्या सहाबारीबाबत अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली असा निर्णय दिला, की दोषयुक्त घडणीबद्दल उत्पादकाला नुकसानभरपाईच नव्हे तर दंडात्मक रक्कमही द्यावी लागू शकते.

त्याआधीच, १९७३ साली, कंपनीने नवी घडण आणली होती. तिची युक्ती समजायला सोपी आहे. घोड्याचे तोंड असे कापलेले की ते काडतुसावर आपटणाऱ्या सुईपर्यंत पोचतच नाही. चाप पुरता मागे ओढलेला असेल तेव्हाच एक चपटी पट्टी वर सरकून घोडा आणि सुई यांच्यामध्ये उभी राहते; घोडा पट्टीवर, पट्टी सुईवर. चाप सोडला की पट्टी खाली. मग घोड्यावर दगड मारला तरी सुईला पत्ता लागत नाही. सहाच्या सहा घरे भरावीत, अशी तिची ग्वाही. गंमत अशी, की ही ‘नवी’ युक्ती मुळीच नवी नव्हे. आयव्हर जॉन्सन नावाच्या कंपनीने १८९० नंतरच्या दशकातच ती आपल्या रिव्हॉल्वरमध्ये घातली होती, आणि ‘खुशाल घोड्यावर हातोडा मारा’ अशा अर्थाची जाहिरात ती करीत असे!

१९८२ पासून रूगर कंपनी जुनी सहाबारी पाठवल्यास तीत नवी पट्टी फुकट बसवून देते आणि काढलेले जुने भागही परत करते. याहून सोय ती कोणती? तरीही असंख्य धनी ती पाठवीत नाहीत.

त्यांचे म्हणणे हट्टाचे म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही. नव्या घडणीत अर्धा खटका गेला. झाकण उघडले की चक्र मोकळे होते, पण जुन्यात खटक्याबरोबर घर नेमके झाकणासमोर येत असे, तसे नव्याच्या कित्येक नगांत येत नाही. किंचित पुढे जाते आणि मागे आणावे लागते. चाप जड लागतो. चार खटक्यांचा नाद गेला. तबल्याची शाई बदलली तर ऐकणाऱ्याला काय वाटते ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय जुन्या वस्तूत नवा भाग घातला की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच आहे. यंत्र जितके सांभाळून घेईल तितका माणूस बेफिकीर होईल, असे ते म्हणतात. पाच भरणारा माणूस भरताना प्रत्येक वेळी धोक्याची आठवण करतो. सहा भरणारा करीत नाही.

मधला तिसरा पक्ष लहानसा आहे. किनारीच्या काडतुसाची कड हीच टोपी असल्याने सुई कडेवर टेकली की धोका. पण दोन घरांच्या मधल्या जागेत टेकली तर धोका नाही. नॉर्थ अमेरिकन आर्म्सच्या मुठीत मावणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये म्हणून चक्रावर दोन घरांच्या मध्ये खाचा ठेवल्या आहेत. घोडा त्यांत बसवावा. एकही घर रिकामे ठेवावे लागत नाही. युक्ती नामी, पण घोडा खाचेत बसवायचे लक्षात ठेवणारा माणूस तीतही लागतोच.

काही स्वस्त .२२ सहाबारींना घोड्याशेजारी हाताने फिरवण्याची वेगळी कळ असते. जुने लोक तिला विद्रूप म्हणतात, ते आवडीनिवडीचे. आमची तक्रार निराळी आहे. जी कळ आठवणीने लावावी लागते ती पाच काडतुसांच्या रीतीपेक्षा वरचढ कशी? जो पाच भरायला विसरतो तो कळ लावायलाही विसरेल. पट्टीचा गुण हा, की तिला कोणाच्या आठवणीची गरज नाही. म्हणून आमचे मत विचाराल तर पट्टीच्या बाजूने आहे. बेफिकिरीचा आक्षेप खरा असला तरी त्याची किंमत बेफिकीर माणूस एकटा मोजत नाही. पुष्कळदा समोर बसलेला मोजतो, आणि त्याला ना रीत विचारलेली असते ना पट्टी.

मात्र एक गोष्ट जुन्यांकडून घ्यावी. रिकाम्या सहाबारीचा चाप खेळ म्हणून ओढू नये, असे ते सांगतात. किनारीच्या बाबतीत याला सबळ कारण आहे : आत काडतूस नसले की जुन्या घडणीत सुई थेट घराच्या पोलादी काठावर आपटते. काठाला खळगा पडतो. पुढे काडतूस नीट बसत नाही किंवा ठोका पोकळ जातो. नव्या पुष्कळ नगांत सुईला मध्येच अडवले आहे. तरी सवय चांगली.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, कलम १३ मध्ये, पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक आणि नेमबाजी मंडळाच्या सदस्याची .२२ रायफल या शेजारी-शेजारी बसल्या आहेत. त्या वाटेने रिव्हॉल्वर येत नाही. त्याला ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. इशापूरच्या सरकारी कारखान्याने .२२ चे ‘निडर’ नावाचे हलके रिव्हॉल्वर काढले, तेही परवान्याशिवाय नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. म्हणजे यंत्रात पट्टी असो वा नसो, कायद्याने रीत शिकवण्याचे काम सोडलेले नाही.

क्रीडांगणावर तर हा वादच उरला नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचे सुवर्णपदक घेतले ते .२२ च्या पिस्तुलाने. चक्र तेथून केव्हाच गेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांना २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळाले ते रायफलने, पण काडतूस तेच, किनारीचे.

पाड्यावरच्या म्हाताऱ्याला आम्ही हे पट्टीचे सारे सांगून पाहिले. त्याने लक्ष देऊन ऐकले. “म्हंजे चिंधी आतच बसवली,” तो म्हणाला, आणि बंदूक पुन्हा खुंटीला टांगताना घोड्याखालची चिंधी बोटाने चाचपून पाहिली.