उमेदवारीचा दाखला

इंटर्नशिप हा शब्द रूढ होण्यापूर्वी, छापखान्यात वा वकिलाच्या दप्तरात हाताखाली राहून विद्या आत्मसात करणाऱ्यास आपण उमेदवार म्हणत असू, आणि त्याची पारख त्याने जुळवलेल्या खिळ्यांवरून, उतरून काढलेल्या मसुद्यांवरून होत असे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचा इंटर्नशिपसाठीचा अर्ज हाती घेणाऱ्याला मात्र अशी पारख दुष्कर होते. कारण तीच ग्रंथालय-व्यवस्थापनाची प्रणाली आणि तीच पायथन-जावाची यादी अर्जामागून अर्जात आढळते.

लेखी परीक्षेसाठी अल्गोरिदमचा अभ्यास अपरिहार्य आहे, हे खरेच. परंतु लोक प्रत्यक्ष वापरीत असलेल्या एखाद्या मुक्तस्रोत प्रणालीतील दोष शोधून तो स्वतः दुरुस्त करणे, हाच मला उठून दिसण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. येथे मराठी विद्यार्थ्यापाशी मोठेच भांडवल आहे. युनिकोडच्या अनुक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगत येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर बसतो, म्हणून केवळ त्या अनुक्रमावर विसंबणारी प्रणाली नावांची अकारविल्हे यादी चुकीची लावते. ‘क्षि’ हे आपले एक अक्षर संगणकाच्या लेखी चार चिन्हे असतात; आणि ‘तऱ्हा’मधील अर्धा र दोन रीतींनी साठवता येत असल्यामुळे, एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधू गेल्यास कित्येकदा सापडतच नाही. हे दोष परभाषिक प्रोग्रामरच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत.

दोष कसा उद्भवतो हे पायरीपायरीने नोंदवावे, तो पकडणारी चाचणी लिहावी, मगच दुरुस्ती पाठवावी, आणि तपासणाऱ्यांच्या आक्षेपांना शांतपणे उत्तर द्यावे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली रचलेल्या गिट या बदल-नोंदणीच्या प्रणालीत प्रत्येक बदल कर्त्याच्या नावानिशी व तारखेनिशी नोंदला जातो. हाच उमेदवाराचा दाखला. नवोदितांना मुक्तस्रोत प्रकल्पांत काम देणाऱ्या, त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातही निवड त्या त्या प्रकल्पाचे मार्गदर्शकच करतात, आणि आधी छोट्या दुरुस्त्या केलेला अर्जदार त्यांना परिचित झालेला असतो.

मात्र संख्येचा हव्यास धरू नये. 2020च्या ऑक्टोबरात, मुक्तस्रोत प्रकल्पांना बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात, त्या टी-शर्टाच्या लोभाने निरर्थक बदलांचा असा वर्षाव झाला की, संमती देणाऱ्या प्रकल्पांतीलच बदल ग्राह्य धरण्याचा नियम आयोजकांना सुरुवातीच्याच दिवसांत करावा लागला.

येत्या सुट्टीत, आपण नित्य वापरता त्या एखाद्या मुक्तस्रोत प्रणालीत आपल्या गावाचे नाव मराठीत लिहून, शोधून, यादीत लावून पाहा. आणि जेथे ते बिघडेल तेथून कामास आरंभ करा.