मधला देव कोण?

धर्माची ओळख करून देताना आधी व्याख्या सांगायची, मग मुद्दे, अशी आपल्याकडे पद्धत आहे. हिंदू धर्माच्या बाबतीत ती फारशी कामी येत नाही. व्याख्या करायला बसलेले भलेभले पंडित इथे अडखळले आहेत. त्यापेक्षा एखाद्या जुन्या घरातला देव्हारा पाहू.

तबकातले पाच दगड

काही घरांच्या देव्हाऱ्यात एक छोटे तांब्याचे तबक असते. त्यात मूर्ती नसतात, पाच दगड असतात. याला पंचायतन म्हणतात. काळा गुळगुळीत शाळिग्राम म्हणजे विष्णू. तो नेपाळातल्या गंडकी नदीत सापडतो. लांबट, अंड्यासारखा बाण म्हणजे शंकर, तो नर्मदेतला. लालसर शोणभद्र म्हणजे गणपती; तो शोण नदीतला. देवीसाठी आंध्रातल्या स्वर्णमुखी नदीकाठचा धातूची झाक असलेला दगड आणि सूर्यासाठी तमिळनाडूतल्या वल्लमचा स्फटिक. नकाशात ही ठिकाणे शोधून पाहा. नेपाळपासून कावेरीच्या खोऱ्यापर्यंतचा प्रदेश तळहाताएवढ्या तबकात येऊन बसला आहे.

शाळिग्रामाची एक गंमत सांगायलाच हवी. त्यावर चक्रासारखी खूण असते. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता. त्यात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या जीवाच्या शंखाची ती खूण. भाविकाला ते विष्णूचे चक्र दिसते, भूगर्भाच्या अभ्यासकाला जीवाश्म दिसतो. दगड एकच.

आता मांडणी पाहा. चार दगड चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. मध्ये कोण? ते घरावर अवलंबून. शंकराची उपासना असेल तर बाण मध्ये येतो आणि त्याला शिवपंचायतन म्हणतात. गणपतीची असेल तर शोणभद्र मध्ये, ते गणेशपंचायतन. पुण्यात पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे देऊळ याच मांडणीचे आहे: मध्ये शंकर, भोवती इतर देवांची लहान देवळे. ही पूजा आद्य शंकराचार्यांनी रुजवली असे परंपरा सांगते. मधला देव घरोघर बदलतो, पण उरलेल्या चौघांना कोणी तबकाबाहेर काढत नाही. हा धर्म समजून घ्यायला मला याहून सोपी किल्ली सापडलेली नाही.

नाव शेजाऱ्यांनी दिलेले

‘हिंदू’ हा शब्द वेदांत नाही. तो सिंधू नदीवरून आला. प्राचीन इराणी भाषांत संस्कृतातल्या ‘स’च्या जागी ‘ह’ येई, म्हणून सिंधूचे हिंदू झाले. आधी ते नदीचे आणि तिच्या अलीकडच्या मुलखाचे नाव होते. तिथल्या लोकांच्या धर्माला ते पुष्कळ नंतर चिकटले. या धर्माला एक संस्थापक नाही आणि स्थापनेची तारीखही नाही.

देव तेहतीस, की एक?

‘तेहतीस कोटी देव’ हे तुम्ही ऐकलेच असेल. जुन्या ग्रंथांत आकडा आहे तो नुसता तेहतीसचा: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, शिवाय इंद्र आणि प्रजापती. संस्कृतात ‘कोटी’चा एक अर्थ ‘वर्ग’ असाही होतो, त्यामुळे या कोटीचा अर्थ तसा लावणारेही आहेत.

पण सर्वांत मजेदार मोजणी बृहदारण्यक उपनिषदात आहे. जनक राजाच्या सभेत शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्यांना विचारतो, देव किती? ते आधी तीन हजार तीनशे सहाचा हिशेब देतात. शाकल्य पुन्हा तोच प्रश्न विचारतो, तर उत्तर येते तेहतीस. मग सहा, मग तीन, मग दोन, मग चक्क दीड! शेवटी एक. आधीचे उत्तर चुकले होते असे याज्ञवल्क्य कुठेही म्हणत नाहीत. दीड देव म्हणजे काय हेही ते समजावून सांगतात: दीड म्हणजे वारा.

काळाबरोबर मधली जागाही बदलत गेली. ऋग्वेदातली जवळजवळ पाव सूक्ते एकट्या इंद्राला उद्देशून आहेत. आज इंद्राचे देऊळ शोधायला निघालात तर पायपीटच होईल. त्या काळी मुख्य होता तो यज्ञ. मूर्ती आणि देवळे नंतर आली. पुढे विष्णू, शिव आणि देवी यांची उपासना वाढली. जगाची निर्मिती ब्रह्मदेवाची, पालन विष्णूचे, संहार शंकराचा, ही वाटणी पुस्तकात पाठ करायला बरी. पण शिवभक्ताला विचारा, तो तिन्ही कामे शंकराकडेच सोपवतो. ब्रह्मदेवाच्या वाट्याला देवळे अगदी मोजकी आली. त्यांतले राजस्थानातल्या पुष्करचे प्रसिद्ध आहे.

देवाची गोष्टही प्रदेशाप्रमाणे बदलते. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. त्याच्या दर्शनाला स्त्रियांनी जाऊ नये असा जुना संकेत. तमिळनाडूत तोच देव मुरुगन म्हणून घराघरात आहे आणि वल्ली व देवसेना अशा त्याच्या दोन बायका आहेत. त्याशिवाय प्रत्येक कुळाचे दैवत वेगळे: कोणाचा जेजुरीचा खंडोबा, कोणाची तुळजापूरची भवानी, कोणाची माहूरची रेणुका. त्यांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात असतात. गोव्यात तर पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा लोकांनी आपले देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला.

ऐकलेले ग्रंथ, आठवलेले ग्रंथ

ग्रंथांचे दोन गट आहेत. श्रुती म्हणजे ऐकलेले. त्यांत चार वेद आणि उपनिषदे येतात. स्मृती म्हणजे आठवून सांगितलेले. रामायण, महाभारत, अठरा पुराणे, धर्मशास्त्रे या गटात. मान श्रुतींचा मोठा, पण लोकांच्या तोंडी असतात त्या स्मृतींतल्या गोष्टी.

वेद चार: ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद, अथर्ववेद. ऋग्वेदात दहा मंडले आणि १०२८ सूक्ते आहेत. शेकडो वर्षे हे सगळे लिहून न ठेवता पाठ केले गेले. एक अक्षरही हलू नये म्हणून पाठांतराची विलक्षण युक्ती होती. क्रमपाठात शब्द जोडीजोडीने म्हणायचे: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट. घनपाठात तीन-तीन शब्दांची अशीच गुंफण. एखादा शब्द गळला की साखळी लगेच तुटते आणि चूक कळते. पाढे उलटे म्हणून पाहा, म्हणजे ही मेहनत ध्यानात येईल. एक गोष्ट लपवून चालणार नाही: हे शिक्षण मोजक्या पुरुषांपुरतेच राहिले. स्त्रिया आणि शूद्र मानले गेलेले लोक यांना पुढे वेद शिकायची मनाई झाली.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. जग कसे निर्माण झाले, असा त्यातला प्रश्न. उत्तर ठामपणे येत नाही. वरच्या आकाशातून सगळे पाहणाऱ्याला कदाचित ठाऊक असेल, कदाचित त्यालाही नसेल, अशा शंकेवर सूक्त थांबते. धर्मग्रंथात प्रश्न अनुत्तरित ठेवायला धाडस लागते.

उपनिषदांत गुरू-शिष्यांचे, नवरा-बायकोचे, कुठे बाप-लेकाचे संवाद आहेत. आपल्या राजमुद्रेवरचे बोधवाक्य मुंडकोपनिषदातून घेतलेले आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात भगवद्गीता येते: अठरा अध्याय, सातशे श्लोक. तिच्यावर ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला मराठीत टीका केली, ती ज्ञानेश्वरी. महाभारताची हस्तलिखिते प्रांतोप्रांती वेगळी होती. ती जमवून, ताडून पाहून मूळच्या जवळची संहिता ठरवण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतले. संहिता पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले.

यांतला मधला ग्रंथ कोणता? पुन्हा तेच. वारकऱ्याच्या घरी ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा, उत्तर भारतात तुलसीदासांचे रामचरितमानस, बंगालात नवरात्रात चंडीपाठ.

कर्म, जन्म, सुटका

बहुतेक हिंदू विचारांच्या तळाशी काही समजुती आहेत. शरीर मरते, आत्मा मरत नाही. जसे कर्म तसे फळ; ते या जन्मी मिळाले नाही तर पुढच्या जन्मी. जन्म-मरणाच्या या फेऱ्यातून सुटणे म्हणजे मोक्ष. पण सगळ्यांनी सतत मोक्षाचाच ध्यास घ्यावा असे नाही. पुरुषार्थ चार सांगितले आहेत: धर्म, अर्थ, काम, मोक्ष. म्हणजे पैसा मिळवणे आणि सुख भोगणे हीसुद्धा माणसाची योग्य उद्दिष्टे आहेत, फक्त धर्माची मर्यादा सांभाळून. इथे ‘धर्म’ म्हणजे पूजाअर्चा नव्हे, तर आपले कर्तव्य.

विश्वाचे मूळ तत्त्व म्हणजे ब्रह्म. आत्म्याचे त्याच्याशी नाते काय, यावर मात्र आचार्यांचे जोरदार वाद झाले. शंकराचार्य म्हणाले, दोन्ही एकच. मध्वाचार्य म्हणाले, छे, कायमचे वेगळे. रामानुजाचार्यांनी मधली वाट काढली: वेगळे खरे, पण शरीर जसे आत्म्याचे तसे आपण ईश्वराचे. आणि सांख्य दर्शनाने तर जगाचा उलगडा करताना ईश्वराची गरजच मानली नाही. तरी त्याची गणना सहा आस्तिक दर्शनांत होते, कारण आस्तिक म्हणजे वेदांना प्रमाण मानणारा, असा त्या शब्दाचा तिथला अर्थ.

पायरीपर्यंतच

तबकात पाच देवांना जागा मिळाली. माणसांना मात्र देवळात मिळाली नाही. पंढरपूरला जाल तेव्हा महाद्वारापाशी नामदेवांची पायरी दिसेल आणि समोरच चोखामेळ्याची समाधी. विठ्ठलाचा हा थोर भक्त जातीने महार, म्हणून तो जिवंत असताना त्याला देवळात प्रवेश नव्हता. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, नामदेवांच्या घरी काम करणारी जनाबाई, या संतांनी देवाचे बोलणे मराठीत आणले आणि भक्तीला जात नसते हे सांगितले. पण दार उघडायला साडेसहाशे वर्षांच्या घरात काळ गेला. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे देऊळ दलितांना खुले झाले. बाबासाहेबांनी पुढे १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला.

सणांचे गणित

गणपती कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात का येतात? चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच साचत गेली तर दिवाळी ऐन उन्हाळ्यात येईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना धरतात. तो अधिक मास, बोलीत धोंड्याचा महिना. तेव्हा जावयाला तेहतीस अनारसे वाण देतात. तोच आकडा पुन्हा! २०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला बसले. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि ते १९ सप्टेंबरवर गेले. संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून ती १४-१५ जानेवारी सोडत नाही. तीच तमिळनाडूत पोंगल, गुजरातेत उत्तरायण, आसामात माघ बिहू.

आणखी एक घोटाळा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. म्हणून कृष्णजन्म आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला आणि मथुरेत भाद्रपद कृष्ण अष्टमीला. दिवस तोच, फक्त महिन्याचे नाव वेगळे.

दिवाळी तर एका गोष्टीत मावतच नाही. उत्तरेत राम अयोध्येला परतल्याचा आनंद, बंगालात अमावास्येच्या रात्री कालीपूजा, गुजरातेत दुसऱ्या दिवशी नवे वर्ष. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटेचे अभ्यंगस्नान, कारीट फोडणे, मग लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज.

या पाडव्याचे नाव बलिप्रतिपदा. बळी हा असुरांचा राजा, दानशूर आणि प्रजेचा लाडका. विष्णूने वामन होऊन त्याच्याकडे तीन पावले जमीन मागितली आणि तिसरे पाऊल त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात धाडले. वामनाला दशावतारांत जागा मिळाली. पण महाराष्ट्रातला शेतकरी दिवाळीत म्हणतो ते बळीचे राज्य येवो असेच. शेतकऱ्याला आपण बळीराजाच म्हणतो. केरळात ओणम साजरा होतो तोही बळी वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो म्हणून. घरापुढे फुलांची मोठी रांगोळी घालतात आणि पुष्कळ घरांत तिच्या मधोमध मातीचा चौकोनी, वर निमुळता होत गेलेला त्रिक्काकरप्पन ठेवतात. तो वामन. वाट पाहायची असते ती बळीची.