शिरढोणचा वाडा आणि पुण्याची जुनी नगरपालिका



शिरढोण म्हटले की आपल्या भागात शिरोळ तालुक्यातले गाव डोळ्यांपुढे येते. आम्ही सांगतो ते दुसरे. पनवेलहून पेणकडे निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे लागते ते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. लग्नकार्याच्या निमित्ताने पनवेलला जाणे झाले, तेव्हा त्यांचा वाडा पाहून आलो. परतताना मांजरीला बेण्याचे काम होते, म्हणून पुण्यात थांबलो आणि फडक्यांच्या नावाशी जोडली गेलेली दुसरी वास्तू पाहिली. ती म्हणजे विश्रामबाग वाडा. तुळशीबागेत खरेदीला गेलेल्या मंडळींनी तो बाहेरून पाहिला असेलच.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा दोन्ही पेटले. बुधवार वाडा गेला, विश्रामबागेची पूर्वेकडची बाजू जळाली. त्याच सुमारास फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी शिरढोणजवळच्या पळस्प्याला दरोडा घातला होता. मग काय, संशय सरळ फडक्यांवर! फडात आग लागली की पहिले बोट बांधाच्या शेजाऱ्याकडे जाते, हे जळिताचे पंचनामे करताना आम्ही कितीदा पाहिले आहे. पुढे आग लावणारा निघाला रानडे नावाचा सरकारी नोकर. फडके मात्र त्याच जुलैत पकडले गेले, एडनला धाडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारले.

जळालेला भाग मात्र तसाच पडून राहिला नाही. लोकवर्गणी झाली, नगरपालिकेने पैसा घातला आणि वाडा उभा राहिला. पुढे नगरपालिकेचा आणि १९५० नंतर महापालिकेचा कारभार येथूनच चाले. शिवाजीनगरला नवी इमारत झाल्यावर दप्तर तिकडे गेले, तरी महापालिकेने वाडा मोडीत काढला नाही, दुरुस्त करून घेतला. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांवरची नक्षी आजही बघावी. आम्ही तासभर नुसते वर मान करून उभे होतो.

हे सगळे सांगायचे कारण घरचेच आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावची जुनी चावडी पाडून गाळे काढायचे घाटते आहे. गाळ्यांचे भाडे येईल, हे खरे. पण भिंती पक्क्या आहेत, दोन तुळया वाळवीने खाल्ल्या आहेत आणि कौले फुटून पाणी आत येते, एवढेच दुखणे. खोडव्यात चार नांग्या पडल्या म्हणून कोणी अख्खा प्लॉट मोडत नाही, नांग्या भरतो. त्या गावच्या पंचमंडळींनी एकदा सुतार नेऊन अंदाज तरी घ्यावा, मग ठरवावे. त्यांच्याशी आम्ही बोललो आहोत. पावसाळ्यापर्यंत थांबायला ते राजी आहेत.

ज्या सभासदांकडे जुनी मंगळुरी कौले किंवा सागाचे वासे पडून असतील, त्यांनी आपली नावे गट कार्यालयात शेतकी मदतनिसाकडे द्यावीत. वाहतूक ऊस विकास विभागाच्या ट्रॅक्टरने करू.