मनाचे खोटे संकेत

तोंडी परीक्षेसाठी तुम्ही वर्गाबाहेर उभे आहात. तळहातांना घाम सुटला आहे, छाती धडधडते आहे, पोटात गोळा आला आहे. समोर वाघ नाही की पूर नाही. मग शरीराची ही धांदल कशासाठी?

शरीर तुम्हाला पळण्यासाठी सज्ज करीत असते! मेंदूला धोका जाणवला, की मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनलीन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदयाची गती वाढते, स्नायूंना जादा रक्त मिळते. खऱ्या संकटात ही धोक्याची घंटा प्राण वाचवते. परंतु कारण नसताना ती रोज वाजू लागली आणि झोप, जेवण, अभ्यास बिघडू लागला, तर तो चिंताविकार असू शकतो.

एक प्रयोग करून पाहा. मनगटावर बोटे ठेवून नाडी तपासा. सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जलद व सोडताना मंद होतात, असे पुष्कळांना आढळेल. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस या वेळी ब्रेकसारखे काम करते. घाबरल्यावर पाच मिनिटे असा लांब उच्छ्वास केला, तर घंटेचा आवाज कमी होतो.

आता दुसरा प्रयोग. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करा. हसू येत नाही ना? आपल्याच हालचालीचा परिणाम मेंदू आधी ओळखतो आणि ती संवेदना सौम्य करतो. लंडनमधील सारा-जेन ब्लेकमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांना आवाजाचे भास होत, किंवा आपल्याला दुसरेच कोणी हलवीत आहे असे वाटे, अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्शही परक्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र जाणवला. म्हणजे 'हे माझेच' ही खूण मेंदूकडून सुटत होती. मनातल्या मनात बोललेले शब्द परक्याचा आवाज होऊन का ऐकू येतात, याचा एक उलगडा यातून मिळतो.

झोप लागता लागता कोणी हाक मारल्याचा भास निरोगी माणसालाही होतो. त्याला भिऊ नये. पण जागेपणी वारंवार आवाज येणे, सगळे आपल्यावर पाळत ठेवीत आहेत अशी खात्री वाटणे, ही सायकोसिसची लक्षणे असू शकतात. ती बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतात. ती बाहेरची बाधा नव्हे, की आईवडिलांच्या संस्कारांतील उणीवही नव्हे.

प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर आठवा. त्यात शून्यत्रुटी असली, तर प्रत्येक मोजमाप चुकते, आणि तरीही ते खरेच भासते. त्रुटी शोधायला बाहेरचे प्रमाण लागते. मनाचेही तसेच आहे. म्हणून पहिला उपाय एकच : विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणे. आई, मामा, शिक्षक, कोणीही चालेल. दुसरा उपाय मानसोपचारतज्ज्ञ. सायकोसिसवर १९५२ पासून परिणामकारक औषधे वापरात आहेत आणि उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका गुण चांगला येतो. औषधे मनाने बंद करू नयेत. झोप पुरेशी घ्यावी. गांज्यापासून दूर राहावे, कारण त्याने सायकोसिसचा धोका वाढतो.

मित्राला असे भास होत असतील, तर त्याची थट्टा करू नका, 'खोटे आहे' म्हणून वादही घालू नका. "तुला भीती वाटत असेल, आपण सरांना सांगू या," एवढे पुरे. तो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलला, तर त्याला एकटे सोडू नका. ताबडतोब मोठ्यांना बोलवा. भारत सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य उपलब्ध आहे.

गणितज्ञ जॉन नॅश यांना तिशीच्या सुमारास स्किझोफ्रेनिया झाला. अनेक वर्षे भ्रमांशी झुंजून ते सावरले. तरुणपणी केलेल्या संशोधनाबद्दल १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शून्यत्रुटी असलेले उपकरण कोणी फेकून देत नाही. त्रुटी शोधून, दुरुस्ती करून त्याच उपकरणाने आपण पुढची मोजमापे घेतो.