धर्मग्रंथाचं भाषांतर आणि 'म्हणे' हा शब्द

डोंबिवली स्टेशनवर आपण सहज सांगतो, 'कल्याणच्या पुढे गाड्या बंद आहेत म्हणे.' हा 'म्हणे' फार प्रामाणिक शब्द आहे. मी पाहिलेलं नाही, कानावर आलंय, एवढं तो कबूल करतो. धर्मग्रंथ दुसऱ्या भाषेत नेताना या 'म्हणे'चं काय होतं, ते आज पाहू.

ब्राझीलमध्ये, अॅमेझॉनच्या जंगलात, माइसी नदीकाठी पिराहा लोक राहतात. संख्या काही शेकडा. त्यांच्या भाषेच्या नात्यातली एकही भाषा आज बोलली जात नाही. डॅनियल एव्हरेट हा अमेरिकन मिशनरी १९७७ साली बायबलच्या भाषांतरासाठी तिथे गेला. भाषा शिकला, मार्कचं शुभवर्तमान त्याने पिराहात आणलं. लोकांनी विचारलं, की या येशूला तू पाहिलंस का, तुझ्या वडिलांनी तरी पाहिलं का. नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला. पाहिलं, ऐकलं की अंदाज केला, हे त्यांच्या क्रियापदाच्या प्रत्ययातून सांगता येतं. आणि ऐकीव गोष्टीमागेही त्यांना प्रत्यक्ष पाहणारा माणूस लागतो. पुढे एव्हरेटचीच श्रद्धा गेली. त्याच्या व्याकरणविषयक निष्कर्षांवर अजून वाद आहेत. हा अनुभव मात्र त्याने स्वतःच लिहून ठेवलाय.

आपल्या परिभाषेत बोलू. चार्वाक प्रत्यक्षालाच मानतो. नैयायिक शब्दालाही प्रमाण मानतात, पण सांगणारा 'आप्त', म्हणजे विश्वासार्ह, हवा. पिराहा चार्वाक नाहीत बरं का! त्यांनाही आप्त चालतो, फक्त तो स्वतः पाहिलेला साक्षीदार हवा.

आता आपल्याकडे या. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या. हे बायबलचं शब्दशः भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन आहे. स्टीफन्सने नुसते मराठी शब्द घेतले नाहीत, पुराण ऐकण्याची बैठकच घेतली. गुरू सांगतो, श्रोते शंका विचारतात, गुरू निरसन करतो. अशा बैठकीत 'तुम्ही पाहिलंत का?' असं कोण विचारतो? आप्त आधीच आसनावर बसलेला असतो.

पण त्या आसनामागे सत्ताही होती, हे विसरू नका. साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती, जुन्या पोथ्या लोकांच्या हातून गेल्या होत्या. माइसीकाठी एव्हरेटच्या मागे अशी सत्ता नव्हती. म्हणून तिथले लोक हसून 'नको' म्हणू शकले.

तेव्हा, भाषांतर जमलं की नाही, हे केवळ शब्दकोश पाहून ठरत नाही. ऐकणाऱ्याला उलट विचारण्याची मोकळीक होती का, तेही पाहावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर आपण योजना, औषधं, शाळेचे धडे घेऊन जातो. तिथे कुणी विचारलं, 'तुम्ही पाहिलंय का?', तर रागावू नका. त्याने आपलं बोलणं नीट ऐकलंय.