आजीची हाक

भाऊबीजेला शिरूरहून दौंडला माहेरी गेले होते. ओवाळणं झालं, फराळ झाला आणि पाहते तर भाची कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली. दहावीतली पोर. पुढ्यात वायरींचा गुंता आणि त्यात बोटभर लांबीची एक पट्टी, लाल दिवा भराभर लुकलुकवणारी. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच सांगा हिला. तीनशे रुपये पाण्यात गेले. अभ्यास सोडून हे काय चाललंय!"

काय चाललं होतं ते ऐकलं आणि मीच गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. डावा हात चालतो, पण वाचा गेली. रात्री काही हवं असलं की ती पलंगावर वाटी आपटते. वहिनी मागच्या खोलीत आणि दौंड म्हणजे जंक्शन, रात्रभर गाड्यांचे भोंगे. एकदा पाण्यासाठी आई कितीतरी वेळ वाटी वाजवत राहिली, कुणालाच ऐकू गेलं नाही. ते भाचीच्या मनाला लागलं. आजीच्या हाताशी एक बटण असावं, ते दाबलं की आईचा मोबाइल वाजावा, असं तिने ठरवलं. साधी बेल का नको? तर दादा रात्रपाळी करून दिवसा झोपतो, बेलने तो दचकून उठतो. मोबाइल मात्र वहिनींच्या कमरेशी नुसता थरथरला तरी पुरे.

मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. मला यातलं काय कळणार? पण लेक डिप्लोमा करून नोकरीला लागलाय, त्याला फोन लावला. तो सांगत गेला, मी पाककृती उतरवावी तसं वहीत लिहीत गेले, भाची जोडत गेली. मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा गुंता पडला असेल, म्हणून ते पान इथे उलगडते.

त्या पट्टीचं नाव एचसी-०५. हे स्वस्तातलं ब्लूटूथ मॉड्यूल. दुसरा बोर्ड आर्डुइनोचा, तो मेंदू. पट्टीला सहा पिना असतात, पण रोजच्या कामाला चारच लागतात : वीज आत येणारी व्हीसीसी, जमिनीची जीएनडी, बोलणारी टीएक्स आणि ऐकणारी आरएक्स. पहिली चूक इथेच होती. भाचीने टीएक्सला टीएक्स जोडलं होतं, नावं सारखी म्हणून. अगं, दोघंही बोलायला लागले तर ऐकणार कोण? एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिचा आर्डुइनो उनो ५ व्होल्टने बोलतो, पट्टीच्या कानाला मात्र ३.३ व्होल्टच सोसतात. म्हणून आर्डुइनोच्या टीएक्सकडून पट्टीच्या आरएक्सला जाताना मध्ये १००० ओहमचा रेझिस्टर घालायचा आणि आरएक्सपासून जमिनीकडे २००० ओहमचा. मग ५ चे साधारण ३.३ होतात. थेट जोडलं तरी बऱ्याचदा चालतं, पण पट्टी कधी दगा देईल सांगता येत नाही.

तिसरी गंमत. प्रोग्राम बोर्डात जातच नव्हता. ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना पट्टी जोडलेली असताना कॉम्प्युटरलाही तीच वाट लागते. प्रोग्राम चढवताना त्या दोन वायरी काढायच्या, मग परत लावायच्या. एवढ्यासाठी पोरीने तीन संध्याकाळी रडून घालवल्या होत्या!

मोबाइलवर १२३४ हा आकडा टाकून जोडी जमली, तरी दिवा आपला भराभर लुकलुकतोच. वहिनी म्हणाल्या, "बिघडलंय." बिघडलं नव्हतं. सेटिंगमध्ये होते ती नुसती ओळख. बोलणं सुरू होतं ते ॲप उघडून त्यातून जोडल्यावर. तसं केलं आणि दिव्याची चाल बदलली. दोनदा चमकायचा, मग थांबायचा. भाची हसली, तशी आईही पलंगावरून तोंडभर हसली.

मग बारसं केलं. पट्टीवरचं बारीक बटण दाबून धरून वीज दिली की दिवा संथ होतो. मग ३८४०० च्या वेगाने तिला आज्ञा देता येतात. नाव ठेवलं 'आजी' आणि १२३४ बदलला, कारण तो साऱ्या जगाला ठाऊक! मोबाइलवरचं ॲप भाचीने एमआयटीच्या ॲप इन्व्हेंटरवर ठोकळे जुळवून केलं. मोबाइल अँड्रॉइडचा हवा, आयफोनशी ही पट्टी बोलत नाही.

माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी मात्र नावांवरच खूश झाली. ब्लूटूथ हे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं टोपणनाव. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात जन्मला आणि त्याला तिथल्या एका बारचं नाव मिळालं. त्या बारला १००२ साली इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्डुइन राजाचं. हजार वर्षांपूर्वीचे दोन राजे माझ्या आईच्या उशाशी पाणी मागायला उभे!

याच्या मर्यादाही सांगते. ब्लूटूथची हाक दहाएक मीटर पोचते, मध्ये जाड भिंती असल्या तर त्याहूनही कमी. शेतातली मोटर घरबसल्या चालवायला वेगळं तंत्र लागतं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' ते काम मोबाइलच्या नेटवर्कवरून करतं. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. आमची बेल मोबाइलच्या चार्जरवर चालते. पॉवर बँकेवर लावून पाहिली, तर वीज इतकी कमी लागते की ती बँक आपोआप बंद पडायची. म्हणून दिवे गेले की वाटी आहेच. शिवाय ॲप उघडं ठेवावं लागतं. हे काही दवाखान्यातलं यंत्र नव्हे, माणसाने लक्ष ठेवायला हवंच.

पहिल्या रात्री दोन वाजता मोबाइल थरथरला. वहिनी धावत गेल्या, पाठोपाठ मी. आईला काहीही नको होतं. तिने फक्त दाबून पाहिलं होतं, कुणी येतं का ते.

वहिनी तिच्याजवळ बसल्या, पाय चेपत राहिल्या. सकाळी त्यांनीच भाचीला विचारलं, "एखादी जास्तीची पट्टी आणून ठेवायची का गं?"

शिरूरला परतल्यावर आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ते वहीचं पान वाचून दाखवलं. दोघींनी लगेच लिहून घेतलं. एकीची मुलगी आठवीत आहे, दुसरीची सासू अंथरुणाला खिळलेली.