साल की फाल

सकाळी ६.३०
वसई–दिवा मार्गावरून मालगाडी गेली आणि खिडकीच्या काचा वाजल्या. जूचंद्र स्टेशनच्या इतक्या जवळ शहाण्या माणसाने आवाजाचं काम मांडू नये. पण मी ध्वनिमुद्रण क्वचितच करतो. लोकांनी आणलेले आवाज उघडून, साफसूफ करून देतो. त्याला हेडफोन पुरतो.

८.००
चहा आणि ऑडॅसिटी. नवरात्रातल्या रांगोळी प्रदर्शनाचं निवेदन एका पोराने व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, म्हणजे ओपस. माझ्या संगणकावरची आवृत्ती जुनी आहे. वेव्ह, एमपीथ्री, फ्लॅक ती स्वतः वाचते. ओपस, आयफोनचं एमफोरए किंवा डब्ल्यूएमए आलं की एफएफएमपेगचा आधार लागतो. तो एकदा बसवला की कटकट संपते.

९.३०
पुढची फाइल एमपीथ्री म्हणून आली आणि अडली. फोन केला. “उघडत नव्हती, म्हणून मीच नाव बदललं.” आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतो! नोटपॅडमध्ये टाकून पहिली अक्षरं बघितली. वेव्ह असेल तर सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ दिसतं, ओग असेल तर ‘ओजीजीएस’. इथे पाचव्या अक्षरापासून ‘एफटीवायपी’ होतं. एमफोरएचंच शेपूट छाटलेलं. परत जोडलं, उघडली.

११.००
आजचं किचकट काम. हळदीच्या रात्री रेकॉर्डरची बॅटरी मधेच गेली आणि वेव्ह फाइल अर्धवट राहिली. आवाज आत आहे, पण तो किती लांबीचा हे मथळ्यात लिहायचं राहून गेलं, त्यामुळे सॉफ्टवेअर तिला रिकामी समजतं. अशा वेळी ‘रॉ डेटा’ म्हणून आत घ्यायची आणि तपशील आपण सांगायचा: १६ बिट, एक चॅनल, सेकंदाला ४४,१०० नमुने. बँजो सुरू झाला, पण सुस्त आणि दीडएक अर्धस्वर खाली. म्हणजे मूळ ४८,००० असणार. आकडा बदलला आणि हळद अंगात आली. सुरुवातीला ‘टक्’ वाजतं, तो मथळाच आवाज म्हणून वाजतोय. कापला.

१.३०
बोंबलाचं कालवण, भात. वीस मिनिटं आडवा.

४.००
शेजारच्या आत्या जुन्या नोकियातलं मेमरी कार्ड रुमालाच्या गाठीत बांधून आल्या. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नं लावायची, धवले म्हणायची. तिचा आवाज एवढाच उरलाय. फाइल एएमआर, एफएफएमपेगमुळे लगेच उघडली.

“आयचाच हाय यो आवाज,” म्हणून त्या बसल्याच.

मी स्पेक्ट्रोग्राम लावला. ४,००० हर्ट्झच्या वर कोरी पाटी. एएमआर हा प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला, सेकंदाला ८,००० नमुने. त्याच्या निम्म्यावरचं काही त्यात मावतच नाही. वेव्ह करून ठेवतो खरा, पण तो जे उरलंय ते आणखी झिजू नये म्हणून. गेलेलं त्याने परत येत नाही, आणि येतं असं सांगून पैसे घेणाऱ्यांचा मला राग आहे.

५.१५
आत्यांना शब्द लिहून हवेत. एका जागी मी अडलो. ‘साल’ की ‘फाल’? ‘स’ची सळसळ बरीचशी त्या कोऱ्या पाटीतच असते, त्यामुळे तो ‘फ’सारखा वाजतो. दहा वेळा फिरवून ऐकलं, खरखर काढली, उंच पट्टी वाढवून पाहिली. काही उपयोग नाही.

आत्यांना हेडफोन दिला. त्यांनी तो कानाला नीट लावलाही नाही.

“साल र बाला, भाताची. लग्नान फाल कनाला?”

लेबल टाकलं: साळ.

५.४०
दुसऱ्या मिनिटाला फाइल तुटते. कार्ड भरलं असावं. हेडफोन गळ्यात तसाच, आणि आत्या पुढचं म्हणत राहिल्या. मी कपाटातून मायक्रोफोन काढला, वायरीचा गुंता सोडवला. मग त्यांना हाताने थांबवलं. काचा वाजायला लागल्या होत्या.